जखम, सुरकुती आणि निमकरबाई

निमकरबाई कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी वास घ्यायच्या. दारातच क्षणभर थबकायच्या, मान किंचित वर, नाकपुड्या जराशा फुललेल्या, आणि मग पाऊल आत. ऑफिसातली मीटिंग असो की कुणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा, यात बदल नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना सर्दी झालीय. पुढे कळलं की बाईंचा सगळ्या जगावरच संशय आहे आणि त्या संशयाचं मुख्य कार्यालय नाकात आहे.

नव्या शतकाची ती पहिली वर्षं होती. दिल्लीतल्या दुकानांत परदेशी क्रीमांचे देखणे डबे दिसायला लागले होते आणि आपणही असलं काहीतरी काढावं असं नोएडातल्या आमच्या कंपनीच्या मालकांच्या मनात आलं होतं. तोवर आम्ही साधी कोल्ड क्रीम आणि टाचांच्या भेगांचं मलम बनवत होतो. मालकांनी एक वातानुकूलित प्रयोगशाळा बांधली, तिच्या दारावर 'पेप्टाइड विभाग' अशी पाटी लावली आणि निमकरबाईंना तिच्या प्रमुख केलं. बाई मूळच्या सांगलीच्या, पुण्याला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या आणि लग्नानंतर दिल्लीकर झालेल्या. मी नाशिकहून एम.एस्सी. करून नुकतीच आले होते. दोघी मराठी म्हणून मला त्यांच्या हाताखाली टाकण्यात आलं. कंपनीची गाडी मला गाझियाबादच्या वैशाली वसाहतीतून उचलायची आणि त्यांना इंदिरापुरमहून. म्हणजे दिवसातले जाता-येताचे दोन तासही मी त्यांच्याच ताब्यात असायची.

गाडीत बसल्याबसल्या त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "शुभा, तुझ्याकडे लाइट होती का गं?"

माझ्याकडे लाइट असण्या-नसण्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या फ्रिजची काळजी होती. त्या फ्रिजमध्ये पेप्टाइडची पूड छोट्या कुप्यांमध्ये असे आणि उकाडा तिला सोसत नसे. नोएडात वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. सुट्टीच्या दिवशीही बाई गेटवरच्या गार्डला फोन करायच्या, "भैया, जनरेटर चला क्या?" तो बिचारा इतका सरावला होता की आवाज ओळखल्याबरोबर, नमस्ते म्हणायच्या आत, "चल गया मॅडम, चल गया" असं सांगून मोकळा व्हायचा. एकदा गाझियाबादला आमच्या एका सहकाऱ्याचा साखरपुडा होता. अंगठ्या घालायच्या ऐन वेळी लाइट गेली. सगळे 'अरे यार' म्हणून हसले. बाई मात्र हातात छोले-भटुऱ्यांचं ताट घेऊन तशाच बाहेर पडल्या आणि गल्लीत रेंज शोधत फिरायला लागल्या. मुलाच्या आईला वाटलं, पाहुण्या रागावून चालल्या. ती बिचारी मागे पळाली.

मी त्यांना म्हणायची, "मॅडम, फ्रिज आहे तो. तान्हं मूल नाही."

"तान्हं मूल रडून सांगतं तरी," त्या म्हणायच्या. "हे न सांगता खराब होतं."

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. प्रयोगातलं प्रत्येक क्रीम त्या आधी स्वतःच्या चेहऱ्याला लावायच्या, पण फक्त डाव्या अर्ध्याला. उजवा अर्धा तुलनेसाठी कोरा. महिनोन्‌महिने हे चालायचं. डावी बाजू ऑफिसची, उजवी माझी, असं त्या सांगायच्या. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की छोटा आरसा काढून दोन्ही डोळ्यांखालच्या सुरकुत्या ताडून बघायच्या. मी विचारलं, फरक पडतोय का? तर म्हणाल्या, "मला दिसतो. पण मला दिसावा अशी माझी इच्छा आहे ना, म्हणून माझी साक्ष धरता येत नाही."

एवढ्या सरळ मनाच्या बाईला मार्केटिंगवाल्यांपुढे उभं करणं म्हणजे दोघांवरही अन्याय होता. पण मालकांनी फर्मान काढलं की नव्या क्रीमची माहिती विक्रीच्या मुलींना बाईंनीच द्यायची. बाई त्या दिवशी स्टार्चची साडी नेसून आल्या आणि गाडीत सगळा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

पण बोलायला लागल्या आणि छान बोलल्या. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा लहानसा तुकडा. कातडी फाटते तेव्हा आतलं प्रोटीन मोडतं आणि मोडलेले तुकडेच आसपासच्या पेशींना निरोप देतात की इथे पडझड झालीय, बांधकामाला लागा. त्यातलंच एक तांब्याला धरून राहणारं पेप्टाइड, दिसायला निळं. त्याच्यावर आधी काम झालं ते जखमा भरण्यासाठी. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की सुरकुतीखालीही बांधकाम ढासळलेलंच असतं, तर तिथेही हा निरोप धाडून बघू. पेप्टाइडची दुसरी एक जात स्नायूंना सैल पडायला सांगते, म्हणजे कपाळाच्या आठ्या कमी होतील. तिचा जखमेशी काडीचा संबंध नाही. तिला बाई 'लबाड' म्हणायच्या.

एका मुलीने हात वर केला. "तो मॅडम, ज़ख्म का और झुर्री का, सेम ही हुआ ना?"

बाईंचा चेहरा उजळला. याच प्रश्नाची त्या वाट बघत होत्या. "बिल्कुल सेम नहीं. स्किन को दरवाज़ा समझो. झुर्री में दरवाज़ा बंद है. हम बाहर खड़े होके घंटी बजा रहे हैं, अंदर कोई सुने तो सुने. ज़ख्म में दरवाज़ा टूटा पड़ा है. जो रखोगे, सीधा अंदर जाएगा."

म्हणून तर, त्यांनी पुढे समजावलं, बंद दारातून थोडं तरी आत शिरावं यासाठी काही पेप्टाइडांना तेलकट शेपूट जोडावं लागतं. मग तेलं घालायची, टिकाऊपणाची रसायनं घालायची, गुलाबाचा वास घालायचा. बंद दारावर हे सगळं चालतं. उघड्या जखमेवर यातलं काहीही चालत नाही. तिथे जे लावायचं ते निर्जंतुक हवं, आणि मोजकं. आणि त्याच्याही आधी जखम साफ हवी, तिथे रक्त पोचायला हवं, तिच्यावर भार पडता कामा नये. हे नसेल तर कितीही निरोप धाडा, बांधायला येणार कोण? आणि एवढं करूनही जखमांवरच्या प्रयोगांत कधी बरं दिसलं होतं, कधी काहीच दिसलं नव्हतं. हेही त्यांनी विक्रीच्या मुलींना सांगून टाकलं. मागे बसलेल्या मार्केटिंगच्या मल्होत्रासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

मल्होत्रा माणूस वाईट नव्हता. क्रीम खपवणं हे त्याचं काम होतं आणि 'जो ज़ख्म भरे, वो झुर्री भी भरे' अशी एक ओळ त्याला सुचली होती. ती डब्यावर छापायची होती. बाईंना ती ओळ कळल्यावर त्या जेवल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी मागणी केली की ही ओळ काढा आणि तिच्या जागी लिहा, 'खुले घाव पर न लगाएँ'.

"मॅडम," मल्होत्रा कळवळून म्हणाला, "गुलाब की खुशबू वाली क्रीम पे घाव का नाम? लेडीज़ काउंटर से ही लौट जाएँगी."

शेवटी मालकांनी दोन्ही ओळी उडवल्या. परत येताना मी म्हटलं, जिंकलात की! बाई खिडकीबाहेर बघत होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धवट उभ्या इमारती, त्यांच्या सळया आकाशात गेलेल्या, आणि बिल्डरांच्या जाहिरातींवर हिरवळीत धावणारी गोरी मुलं. "कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "ओळ काढली म्हणून कुणी जखमेवर लावणार नाही असं थोडंच आहे? जखमेबद्दल मी तर सगळीकडे सांगत सुटले आहे."

सगळीकडे म्हणजे मुख्यतः घरी. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते, निवृत्तीला आलेले. बाई त्यांचा उल्लेख नेहमी 'आमचे निमकर' असा करायच्या, जणू बाई स्वतः कुणी वेगळ्याच होत्या. निमकर उंच, हसतमुख, बोलघेवडे. काळजी करण्याचं खातं त्यांनी बायकोकडे सोपवलं होतं आणि आपण निवांत झाले होते. मी घरी गेले की ते मला दारातच म्हणायचे, "या. मी निमकरबाईंचा पहिला विद्यार्थी." आणि खरंच त्यांना सगळं पाठ होतं. जेवताना बाई जे जे बोलायच्या ते त्यांनी साठवलेलं असायचं. सोसायटीतले शेजारी आले की न्हाणीघरातल्या कपाटातून क्रीमचा नमुन्याचा डबा काढून आणायचे आणि म्हणायचे, "यह कॉपर पेप्टाइड है, असल में ज़ख्म की चीज़ है. मिसेस ने खुद बनाया है." बाई आतून ओरडायच्या, "पेप्टाइड मी बनवलं नाही हो! विकत आणतो आम्ही!" पण निमकरांच्या अभिमानाला असल्या तपशिलाची गरज नव्हती.

निमकरांना जुना मधुमेह होता. गोड खाणं चोरून, औषध आठवलं तर, आणि सकाळचं फिरणं मात्र न चुकता. त्या काळात इंदिरापुरममध्ये फिरणं म्हणजे वाळूचे ढीग, विटा आणि खड्डे यांतून वाट काढणं. निमकरांना त्याचीच हौस होती. कुठल्या बिल्डरचा कितवा मजला चढला याची पाहणी ते आपण होऊन करत. अशाच एका सकाळी चपलेतून खिळा घुसला. मधुमेहाने पावलांतली जाणीव गेलेली, त्यामुळे त्यांना कळलंही नाही. घरी येऊन चहा घेतला, पेपर वाचला. नव्या पांढऱ्या फरशीवर लाल ठसे बघून बाई किंचाळल्या तेव्हा ते म्हणाले, "अगं, कुणाचं आहे ते?"

ही जखम भरेना. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या खाली, तळव्यावर, रुपयाएवढी. डॉक्टरांनी ड्रेसिंग, औषधं, साखर ताब्यात आणि पाय टेकायचा नाही, असं सांगितलं. यातलं शेवटचं निमकरांना जमणं शक्य नव्हतं. बाई रोज सकाळी टॉर्च घेऊन तळवा बघायच्या आणि मग गाडीत बसायच्या. आता त्या लाइटबद्दल विचारत नसत. काही बोलतच नसत. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "कालच्याएवढीच आहे. कडा पांढऱ्या पडल्यात."

ऑफिसात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. जो तो बाईंना एकच गोष्ट सुचवायला लागला. मल्होत्राने अगदी मनापासून सांगितलं, "मॅडम, दवाई तो आपके फ्रिज में पड़ी है. लगा दीजिए ना."

बाईंना चिडलेलं मी तेव्हाच काय ते पाहिलं. "मेरे फ्रिज में दवाई नहीं है," त्या म्हणाल्या. "कच्चा माल है. झुर्रियों का कच्चा माल."

पण त्यानंतर एका दुपारी मी प्रयोगशाळेत शिरले तर बाई फ्रिज उघडून उभ्या होत्या. हातात ती निळी कुपी. फ्रिजचं दार फार वेळ उघडं राहिलं की तो पींपीं करायला लागायचा. तो ओरडत होता आणि बाईंना ऐकू येत नव्हतं. ज्या बाईने फ्रिजपायी साखरपुडा सोडला होता तीच! मी हाक मारली तेव्हा त्यांनी कुपी जागेवर ठेवली, दार लावलं आणि दाराला हात टेकून म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, हाडापर्यंत गेलं तर बोटं काढावी लागतील. आणि तिथेही थांबलं नाही तर पाऊल." मग म्हणाल्या, "मला माहीत आहे की हे लावायचं नाही. पण रोज माहीत असावं लागतं गं. रोज नव्याने."

पुढे काही दिवसांनी त्या जरा सैलावल्या. निमकर आता ड्रेसिंग स्वतःच करत होते. तू बघतेस आणि तुझाच रक्तदाब वाढतो, म्हणून त्यांनी बाईंच्या हातून टॉर्च काढून घेतला होता. जखम भरत आलीय असं ते रोज सांगत. बाईंना विश्वास ठेवायचा होता. क्रीम बाजारात आणायची तारीख जवळ आली होती, कामाचा डोंगर होता, आणि आम्ही सगळ्याजणी दिवसभर त्या गुलाबी वासात बुडालेल्या होतो. केसांना, साडीला, पर्सला, सगळ्याला तोच वास. गाडीचा ड्रायव्हर म्हणायचा, मॅडम, आप लोगों के उतरने के बाद भी गाड़ी में शादी रहती है.

दिवाळीची सुट्टी लागली. भाऊबीजेच्या सकाळी मला बाईंचा फोन आला. "शुभा, टॅक्सी घेऊन ये. आत्ता. काही विचारू नकोस."

मी पोचले तेव्हा निमकर सोफ्यावर बसले होते आणि बाई खाली फरशीवर, त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन. पट्टी सोडलेली. पाऊल सुजून लालबुंद झालं होतं. घरभर गुलाबाचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा एक वास होता, तो मी लिहीत नाही.

टॅक्सीत निमकर पुढे वाकून हळूच बोलायला लागले. मी ड्रायव्हरशेजारी होते, पण ऐकू येत होतं. "अगं, तूच म्हणायचीस ना, मुळात जखमेसाठीच शोधलंय म्हणून. मला वाटलं, तू आपली नियमाने चालणारी. कंपनीची वस्तू म्हणून लावत नसशील. रोज दोनदा लावत होतो. वर प्लास्टर. आधी खरंच बरं वाटत होतं गं." बाईंनी त्यांचा पाय तसाच मांडीवर धरून ठेवला होता. खड्डा आला की त्या तो दोन्ही हातांनी वर उचलायच्या.

हॉस्पिटलमधला सर्जन तरुण होता, आणि सणाच्या दिवशी ड्यूटीवर असल्याने आधीच वैतागलेला. जखमेतून त्याने गुलाबी-पांढरा लगदा काढला, वास घेतला आणि मान वर केली. "यह क्या है? किसने लगाया?"

निमकरांनी तोंड उघडलं.

"मैंने," बाई म्हणाल्या.

"क्या है यह?"

"झुर्रियों की क्रीम. उसमें पेप्टाइड है."

"आप करती क्या हैं?"

बाईंनी सांगितलं. डॉक्टरेटसकट सगळं सांगितलं. मग तो सर्जन जो सुटला! आप पढ़ी-लिखी हैं, साइंटिस्ट हैं, गाँव की अनपढ़ औरत होती तो समझता, खुले घाव पे खुशबू वाली क्रीम, ऊपर से बंद करके, शुगर के मरीज़ को. वॉर्डातल्या नर्स, इतर पेशंटांचे नातेवाईक, सगळे बघत होते. बाई शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या उभ्या होत्या. निमकरांनी डोळे मिटून घेतले होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण बाईंनी माझा दंड घट्ट पकडला होता.

ऑपरेशन चालू असताना आम्ही बाहेर बाकावर बसलो. पलीकडच्या कॉलनीत फटाके वाजत होते. बाई म्हणाल्या, "मला वास येत होता, शुभा. घरात शिरले की यायचा. मला वाटलं, माझाच आहे. माझ्या साडीचा. सुट्टी लागली, डोक्यावरून आंघोळ केली, सगळे कपडे धुतले, तरी येतोय. तेव्हा कळलं." मग म्हणाल्या, "त्या ओळीसाठी मी मल्होत्राशी भांडले. पण डब्यावर लिहिलं असतं तरी निमकरांनी लावलंच असतं. त्यांनी डबा वाचलाच नाही. त्यांनी माझं ऐकलं, तेही अर्धंच." हे सांगताना त्या आपल्या हातांचा वास घेत होत्या.

दोन बोटं गेली. पण त्याने भागेल की नाही हे लगेच सांगता येत नव्हतं. रोज पट्टी सुटली की लालीची रेष वर सरकली का ते बघायचं आणि मग पुढच्या दिवसापर्यंत श्वास धरून बसायचं. मी ऑफिसातून परस्पर हॉस्पिटलला जायची. वॉर्डाच्या दारात बाई थबकून वास घेत आहेत, हे दृश्य मी त्या दिवसांत इतकं पाहिलं की मला पहिल्यांदाच त्याचं हसू येईनासं झालं. अखेर एके दिवशी सर्जन म्हणाला, "पैर बच गया." बाईंनी त्याला वाकून नमस्कार केला. तो बिचारा ओशाळला.

कामावर परतल्यावर बाईंनी पहिल्याच मीटिंगमध्ये डब्यावरच्या 'खुले घाव पर न लगाएँ' या ओळीचा विषय पुन्हा काढला. मल्होत्राने पुन्हा तेच लेडीज़चं पालुपद लावलं. "मल्होत्राजी," बाई शांतपणे म्हणाल्या, "मैंने अपने हसबैंड के घाव पे यही क्रीम लगाई. मैं पीएचडी हूँ. मुझसे हो गया, तो किसी से भी होगा." ओळ छापली गेली. बारीक अक्षरांत, पण छापली गेली. आणि त्यानंतर बाईंच्या माघारी ऑफिसात जे बोललं जायचं तेही मी ऐकत होते. इतनी बड़ी साइंटिस्ट, और देखो. कितीदा तरी खरं सांगून टाकावं असं वाटलं. यजमानांचा मान राखण्यासाठी ही बाई स्वतःचं नाव असं मातीत घालतेय, याचा मला फार राग यायचा. हे काय सावित्रीपण, असं मी त्यांना एकदा तोंडावर म्हटलंही. त्यांनी नुसतं, "बघू गं," म्हटलं.

निमकर निवृत्त झाले आणि दोघांनी पुण्याला लेकीजवळ जायचं ठरवलं. निघायच्या आधीच्या रविवारी त्यांनी मला दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहात जेवायला बोलावलं. भोजनगृहात नेहमीसारखी गर्दी होती. आमच्याच टेबलावर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीन पोरं येऊन बसली, एक बीडचा, एक लातूरचा, एक साताऱ्याचा. निमकरांना श्रोते मिळाले. पोरांपैकी एकाने त्यांचा वेगळ्या बनावटीचा बूट बघून विचारलं, "काका, पायाला काय झालं?"

"अरे, ती मोठी गंमत आहे," निमकर म्हणाले. "ही आमची सौ. मोठी सायंटिस्ट बरं का. सुरकुत्यांचं क्रीम बनवायची. माझ्या पायाला जखम झाली, तर हिने काय करावं? तेच क्रीम जखमेवर! दोन बोटं गेली, पण पायाला एक सुरकुती नाही!"

पोरं खो खो हसली. साताऱ्याचा म्हणाला, "काय सांगता! खरंच का काकू?"

"हो रे," बाई म्हणाल्या. "चुकलंच ते."

मी हातातला घास ताटात ठेवला. निमकरांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तिथे काहीच नव्हतं. लपवाछपवी नाही, ओशाळणं नाही. आनंदाने सांगत होते. मी उठले आणि हात धुवायला गेले. मागोमाग बाई आल्या.

"मॅडम, हे अति झालं," मी म्हटलं. "त्यांना लाज कशी वाटत नाही?"

"नाहीच वाटायला पाहिजे," त्या नळ सोडत म्हणाल्या. "आता त्यांना खरंच तसं आठवतं, असं मला वाटतं. आठवू दे. लाज वाटली म्हणूनच टॉर्च काढून घेतला होता ना माझ्या हातातून? ती जखम भरत नव्हती, त्याची लाज. त्या दिवशी डॉक्टरांपुढे ते तोंड उघडणार, तेवढ्यात मला तेच दिसलं. एवढ्या लोकांत बोलणी खाल्ली असती, तर पुढची जखम त्यांनी मला दाखवलीच नसती. आणि पुढची होणारच आहे, शुभा. या दुखण्यात होतेच." त्यांनी हात झटकले. "आता रोज संध्याकाळी आपणहून पाय पुढे करतात. म्हणतात, बघ बाई, तुझा काही भरवसा नाही."

तिकडून निमकरांनी हाक मारली, "अगं, चला, निघू या. पोरांना अभ्यास आहे." ते खुर्चीवरून उठत होते. कुणीतरी मधल्या वाटेत पाणी सांडून ठेवलं होतं. बाई लगबगीने पुढे गेल्या, पर्समधून जुना नॅपकिन काढला आणि सगळ्यांच्या देखत खाली बसून ती फरशी कोरडी पुसायला लागल्या.